उजव्या मैदानाचं नाव

पाचव्या डावाला आमच्या शहराच्या बेसबॉल संघाचे गडी, फेरीमेन, मैदानात उतरले आणि उजव्या मैदानात एलादियो रेनोसो आलाच नाही. त्याच्या जागी कुणी राखीव गडी धावत आला आणि चुकून भलत्याच लग्नात शिरलेल्या माणसासारखा अवघडून उभा राहिला.

मार्सी हुडाकने तोंडाकडे नेलेली शेंग खाली आणली.

“पाय दुखावला असेल,” ती म्हणाली. “मघाशी पळताना जरा लंगडल्यासारखा वाटला मला.”

“कुठे लंगडला? चांगला पळत होता.” शेजारचा ओटिस ग्रेडी म्हणाला. ओटिस बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला. निवृत्तीच्या दिवशी मित्रांनी दिलेली दुर्बीण कायम गळ्यात. ती त्याने डोळ्यांना लावली आणि पार पलीकडे, खेळाडू बसतात त्या डगआउटवर धरली. ती तिथेच धरून ठेवली.

“अरे, काय दिसतंय ते तरी सांग.”

“मिठ्या मारतायत.”

“कुणाला?”

ओटिसने दुर्बीण काढून तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही. बेसबॉल बघणाऱ्या माणसाला जुलैच्या अखेरीस मिठ्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाय मोडलेल्याला कुणी मिठी मारत नाही, त्याला आडवा करतात. पण भर सामन्यात, पँटवरची माती अजून झटकलेली नाही अशा धडधाकट माणसाला एकेक जण येऊन मिठी मारतोय, याचा अर्थ वरच्या काचेच्या खोलीतल्या लोकांनी मुदत संपायच्या आत फोनवर दुसऱ्या संघाशी त्याची अदलाबदल उरकून टाकलेली असते. हळूहळू सगळ्या बाकांवर ते पसरलं. कुणी आरडाओरडा केला नाही. एवढी माणसं एकदम गप्प झालेली मार्सीने फक्त दफनभूमीत पाहिली होती.

आता कुणी म्हणेल, एक खेळाडू गेला, दुसरा येईल, त्यात जीव टाकण्यासारखं काय आहे? असं म्हणणारी माणसं आमच्या शहरात पुष्कळ आहेत. ती सावलीतल्या गाद्यांच्या खुर्च्यांवर बसतात. उजव्या मैदानाच्या मागे, कुंपणाला लागून जी उघडी बाकं आहेत, जिथे जुलैत बूड भाजतं आणि एप्रिलमध्ये सरोवरावरचा वारा कान कापून नेतो, तिथे बसणाऱ्याने असं म्हणून दाखवावं.

मार्सी तिथे आली तीही काही हौसेने नाही. तिचा नवरा एड एका हिवाळ्यात अचानक गेला. अख्ख्या मोसमाची दोन तिकिटं त्याने आधीच काढून ठेवलेली. फुकट कशाला घालवायची, म्हणून ती एकटीच येऊन बसायला लागली, शेजारच्या जागेवर कोट ठेवून. बेसबॉलमधलं तिला फारसं कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. त्याच आठवड्यात एलादियो पहिल्यांदा उजव्या मैदानात उभा राहिला. डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेलं पोरगं, मिसरूड जेमतेम फुटलेलं, इंग्रजी धड येत नाही, थंडीने दात वाजतायत. सोपा झेल त्याच्या ग्लोव्हला लागून खाली पडला. मग बाकांनी त्याचा असा उद्धार केला की विचारू नका. आमची बाकं प्रेमळ आहेत असं मी कुठे म्हटलं? पोरगं मान खाली घालून बुटाने गवत उकरत राहिलं.

मार्सी शाळेची बस चालवते. मागची पोरं ड्रायव्हरला आरशात दिसतात. रडणारं पोर मान खाली घालतं, आणि मान खाली घातली की आरशात नुसते केस दिसतात, काय झालंय ते कळत नाही. म्हणून बस चालवता चालवता ती मोठ्याने सांगते, “मान वर, राजा.” त्या दिवशी तिच्यापुढे आरसा नव्हता, बस नव्हती, तरी तोंडातून निघालं ते तेच.

“मान वर, राजा! पुढचा येतोय!”

बसच्या इंजिनावर मात करून कमावलेला आवाज तो. अख्ख्या बाकांवरून गेला. पोराने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याची मान वर झाली आणि एक बोट टोपीच्या टोकाला लागलं. नवरा गेल्यापासून आपण काही बोललो आणि कुणाला ते लागू पडलं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तेरा मोसम येत राहिली. त्या कोटाच्या जागेवर पुढे कधीतरी ओटिस बसायला लागला.

आमच्या बाकांची एक रीत आहे. पहिल्या डावाला आपला संघ मैदानात पसरला की आम्ही एकेकाचं नाव घेऊन हाकारतो, तो हात वर करेपर्यंत थांबत नाही. नऊच्या नऊ नावं. पण उजव्या मैदानाचं नाव शेवटी, आणि ते मार्सीने सुरू करायचं. ती उभी राहायची, दोन हात तोंडापाशी नेऊन “ए-ला-दि-योऽऽ” करायची, आणि मग आम्ही सगळे. हा नियम कुणी केला नाही. तो होता. एलादियोची आणि तिची उभ्या आयुष्यात भेट नाही. तो कधी वळून बघत नसे. नुसतं बोट टोपीला. तेवढं पुरत होतं.

मिठ्यांच्या दुसऱ्या दिवशी सगळं बाहेर आलं. कॅलिफोर्नियावाल्यांनी त्याला नेला आणि बदल्यात चेंडू फेकणारे दोन पिचर आणि थॅड मेब्री नावाचं एक कोवळं पोरगं दिलं. ओटिस मार्सीच्या ओट्यावर पिरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खात बसला होता, तिने पुढे ठेवलेल्या.

“तसं बघायला गेलं तर आपण अगदीच नाही बुडालो,” तो म्हणाला. “आपण दोन पिचर घेतले. आपल्याला पिचर लागतच होते.”

“आपण घेतले?” मार्सी म्हणाली. “मला कुणी फोन केला नाही. तुला केला?”

“बोलायची पद्धत आहे गं.”

“मग बदल ती पद्धत. आपण म्हणे. आपण एलादियोला विकला का? मी तर घरी काकड्या मुरत घालत होते.”

ओटिसने दुसरी पिरोगी उचलली. बाई चिडली असताना तोंड भरलेलं बरं, हे तो इतक्या वर्षांत शिकला होता. तेवढ्यात रेडिओवरच्या माणसाने सांगितलं की इतकी वर्षं एका संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या मर्जीशिवाय हलवता येत नाही, त्यामुळे एलादियोला रीतसर विचारलं होतं. एक दिवस मागून घेऊन तो हो म्हणाला. आयुष्यात एकदा तरी अजिंक्यपद बघायचंय, असं म्हणाला.

मार्सीने रेडिओ बंद केला.

मालकाने विकला असता तर तिने मालकाला शिव्या घातल्या असत्या आणि आम्हीही मनसोक्त साथ दिली असती. मालक असतातच शिव्या खायला. पण याला विचारलं होतं. हा हो म्हणाला. एक अख्खा दिवस त्याच्या हातात होता, आणि त्या दिवशी सामना होता. तो उजव्या मैदानात उभा राहिला, तिने हाक मारली आणि त्याने टोपीला बोट लावलं. पोटात सगळं ठेवून. हे तिच्या जिव्हारी लागलं.

“माणूस पस्तिशीला आला,” ओटिस हळूच म्हणाला. “आणखी किती वर्षं खेळणार? इथे राहून त्याला काय मिळणार होतं, थंडी?”

“मला ठाऊक आहे.”

“मग?”

“ठाऊक असलं म्हणून राग येऊ नये असं कुठे आहे?”

ऑगस्टभर ती आली. तिकिटं काढलेली होती आणि फुकट घालवणं तिला अजूनही जमत नव्हतं. पण ती बोलेनाशी झाली. एलादियोच्या नावाची जर्सी घरी कपाटात. आमच्यातल्या काहींनी जुन्या नावावर चिकटपट्टी लावून वर शाईने ‘मेब्री’ लिहिलं. खेळाडू गेला की आमच्याकडे असंच करतात, नवी जर्सी कोण घेतो दरवेळी? ओटिसनेही लिहिलं, वाकड्यातिकड्या अक्षरात. पट्टीचं रीळ त्याने मार्सीपुढे धरलं, तेव्हा तिने ते दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे सरकवून दिलं.

आणि पहिल्या डावाचा हाकारा आठ नावांवर थांबायला लागला. आठवं नाव झालं की सगळे मार्सीकडे बघत. मार्सी शेंगा सोलत असे. कुणी दुसऱ्याने सुरू केलं असतं तर चाललं असतं, पण कुणी करेना. तिकडे तो मेब्री, मिसिसिपीतल्या कुठल्याशा खेड्यातलं लांबडं, मोठ्या कानांचं पोरगं, आठवा माणूस हात वर करताना बघायचा, जरासा ताठ व्हायचा आणि वाट बघायचा. मग सामना सुरू व्हायचा.

“चुकीच्या माणसाला शिक्षा करतेयस,” ओटिस एकदा म्हणाला.

“शिक्षा कसली? मी काही बोललेच नाही त्याला.”

“तेच म्हणतोय मी.”

“हे बघ ओटिस, ती हाक एकाला दिलेली आहे. परत मागून घेऊन दुसऱ्याला नाही देता येत. भांडं आहे का ते?”

“एडशीसुद्धा इतके दिवस अबोला धरला नव्हतास म्हणे तू.”

“एड न सांगता गेला,” मार्सी म्हणाली. “त्याला कुणी विचारलं नव्हतं.”

ओटिसने गळ्यातली दुर्बीण बाजूला सारली. मग म्हणाला, “आणि या पोराला? ज्याने एका संघात इतकी वर्षं काढली त्याला विचारतात. याला कोण विचारतंय? सकाळी उठवून सांगितलं असेल, सामान भर. या सगळ्या प्रकरणात विचारलं ते फक्त एकालाच, बाई. या पोराला नाही विचारलं, तुला नाही विचारलं.”

मार्सीने शेंगेची टरफलं पायाने बाकाखाली ढकलली.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी कॅलिफोर्नियावाले आमच्याकडे खेळायला आले. दुपारचा सामना, ऊन तिरपं व्हायला लागलेलं. मैदान गच्च भरलं होतं. कपाटातल्या जुन्या जर्स्या बाहेर निघाल्या होत्या, काहींनी तर चिकटपट्ट्या सोलून काढल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवर डिंकाचे मळकट डाग दिसत होते. मार्सी साधा निळा सदरा घालून आली. काय करायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. तो उजव्या मैदानात तिच्या पुढ्यात येईल, तेव्हा एकदाच विचारायचं. हो म्हणालास? बस, एवढंच. त्याने ऐकलं पाहिजे.

हाकारा आठ नावांवर थांबला. मग एलादियो बॅट घेऊन आला, दुसऱ्यांच्या करड्या कपड्यात, आणि सगळं मैदान उभं राहिलं. अंपायर खाली वाकला आणि फलंदाजाच्या पायाशी असते ती होम प्लेट ब्रशने झाडायला लागला. प्लेट स्वच्छ होती, अजून कुणाचा पाय लागला नव्हता तिला. पण माणसाला टाळ्या घेऊ द्यायच्या असल्या की अंपायर असंच करतात. तो झाडत राहिला. एलादियोने हेल्मेट काढून चारी बाजूंना दाखवलं. ओटिस रडत होता आणि रडत नसल्यासारखं करत होता. मार्सी हाताची घडी घालून बसून राहिली. पुढच्या माणसांच्या पाठींमुळे तिला काही दिसत नव्हतं, आणि तिला तेच हवं होतं.

मग डाव पालटला आणि तो आला. उजव्या मैदानात, तिच्या पुढ्यात, तेरा वर्षं उभा राहायचा त्याच जागी. तिथलं गवत त्यानेच झिजवलेलं. आज तो वळला. पहिल्यांदाच. बाकांकडे तोंड करून त्याची नजर वर सरकत तिच्या रांगेपर्यंत आली. कानशिलावरचे केस पांढरे झालेले तिला दिसले. पाठीमागून ते कधी दिसले नव्हते. तिने तोंड उघडलं. हो म्हणालास, एवढे दोन शब्द, पण फुटले नाहीत. त्याने क्षणभर वाट पाहिली, टोपीला बोट लावलं, तसंच, हाक न येताच, आणि तो वळला.

“बोलली असतीस काहीतरी,” ओटिस म्हणाला.

“घशात शेंग अडकली.”

सहाव्या डावापर्यंत फेरीमेन एका धावेने पुढे होते. कॅलिफोर्नियावाल्यांचे दोन गडी बाद, दोन बेसवर, आणि बॅट एलादियोच्या हातात. त्याने चेंडू उंच मारला, उजवीकडे. मेब्री दोन पावलं पुढे आला, ग्लोव्ह वर धरला. झेल सोपा होता. पण त्या वेळेला उजव्या मैदानात ऊन थेट डोळ्यात येतं. तिथे वर्षानुवर्षं उभं राहिलेला माणूस मान जराशी वाकडी करून चेंडू बघतो. एलादियो करायचा. या पोराला ते कोण सांगणार? त्याने सरळ वर पाहिलं, हात डोळ्यांपुढे घेतला, आणि चेंडू त्याच्यामागे थप्पकन पडला. दोघे पळून आले, दोन धावा झाल्या. एलादियो दुसऱ्या बेसवर जाऊन थांबला. आघाडी गेली.

मग आमची बाकं सुटली. बदल्यात हे घेतलं का, याच्यासाठी त्याला दिला का, कान एवढे मोठे, हाक ऐकू येते की नाही. मी काय काय सांगू, मीही त्यात होतो. दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं त्या पोराच्या डोक्यावर ओतलं आम्ही. तेवढ्यात फेरीमेनचा प्रशिक्षक पिचर बदलायला चालत निघाला. सावकाश, दुखरे गुडघे सांभाळत. खेळ थांबला. ओरडून ओरडून माणसं दमली आणि हळूहळू शांत झाली.

मेब्री मान खाली घालून उभा होता. बुटाने गवत उकरत.

मार्सीला त्याची नुसती टोपी दिसत होती. चेहरा दिसत नव्हता. ती कधी उभी राहिली ते ओटिसलाही कळलं नाही. शेंगांची पुडी तिच्या मांडीवरून सांडली.

“मान वर, राजा! पुढचा येतोय!”

आवाज जराही गंजला नव्हता. त्या शांततेत तो मैदानभर गेला. आणि तिकडे दुसऱ्या बेसवर, पाठ करून उभ्या असलेल्या एलादियो रेनोसोचा हात आपोआप हेल्मेटच्या टोकाला गेला.

गेला आणि तिथेच थांबला. आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं असावं. तो वळला. त्याने आधी बाकांकडे पाहिलं, मग खाली मान घातलेल्या मेब्रीकडे. मेब्री तसाच. त्याला काय माहीत हाक कुणाला होती, त्याला या बाकांनी आजवर हाक मारलीच कुठे होती? एलादियोने शीळ घातली. पोराने मान वर केली. एलादियोने बोटाने त्याला दाखवलं, मग त्याच्यामागे, वर, बाकांकडे दाखवलं, आणि मग स्वतःच्या हेल्मेटच्या टोकाला दोनदा बोट टेकवलं. असं कर. तुला आहे ते.

मेब्री वळायला लागला. एलादियोने मान हलवली. वळायचं नाही.

मग त्या पोराने आमच्याकडे पाठ ठेवूनच टोपीला एक बोट लावलं.

मार्सी खाली बसली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. ओटिस वाकून शेंगा गोळा करायला लागला, त्याला दुसरं काही सुचेना म्हणून.

“दोघांनी हात लावला,” तो बाकाखालून म्हणाला. “ओरडलीस कुणाला?”

“मान कुणाची खाली होती?”

“त्याची.”

“मग झालं तर.”

त्यानंतरच्या डावाला फेरीमेन पुन्हा मैदानात आले. हाकारा पहिल्या डावालाच असतो, ती रीत आहे. पण मार्सी उभी राहिली, दोन हात तोंडापाशी नेले आणि भलत्या वेळी “मेऽऽ-ब्री” सुरू केलं, आणि आम्ही सगळे चुकल्यासारखे तिच्यामागून. पोराचे कान लाल झाले, ते वरूनसुद्धा दिसत होते. त्याने बोट टोपीला लावलं. पलीकडच्या डगआउटमध्ये कठड्यावर हात टेकून एलादियो बघत होता, असं ओटिस म्हणाला. दुर्बीण त्याच्याकडे होती, खरं मानायला हवं.

ती गेलेली आघाडी काही परत आली नाही.

बाहेर पडताना फाटकाशी एक सुरक्षारक्षक उभा असतो. त्याला आत बघता येत नाही, म्हणून तो रोज निघणाऱ्या कुणाला तरी विचारतो. ऑगस्टभर त्याने मार्सीला विचारलं होतं आणि ती रोज सांगायची, ते जिंकले, ते हरले.

“काय झालं आज, बाई?” त्याने विचारलं.

“आपण हरलो,” मार्सी म्हणाली आणि गाडीच्या किल्ल्या शोधायला लागली.